हात मागे

लेक: अशी घडी घालतात शर्टाची? द्या इकडे.

मिस्त्री: राहू दे गं. घरीच तर न्यायचाय. चुरगळला तरी कोण बघतंय.

लेक: घरी? बाबा, विमान परवा आहे. घरच्यांच्या सहीचा कागद हवा म्हणालात, म्हणून दोन बस बदलून मी इथवर आले. आणि तुम्ही बॅग भरून उलट्या दिशेला निघालात?

मिस्त्री: तुझ्याबरोबरच येतो. पाच वाजता निवडलेल्या स्वयंसेवकांची यादी लागणार आहे खाली फळ्यावर. यादीत नाव नसताना फळ्यासमोर उभं राहण्यापेक्षा चारची बस बरी.

लेक: झालंय काय ते नीट सांगा. सोमवारी फोनवर तर हरखून गेला होतात. लस टोचली, ओळखपत्रावर फोटो चांगला आला, खोलीत सोबतीला भूल देणारे डॉक्टर मिळाले.

मिस्त्री: डॉक्टर माणूस सोन्यासारखा. दिवसा दुसऱ्यांना झोपवतो आणि रात्री घोरून मला जागवतो.

लेक: विषय बदलू नका.

मिस्त्री: नापास झालो. दोनदा.

लेक: तुम्ही? कशात?

मिस्त्री: वाकडं चाक सरळ करण्यात.

लेक: चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलंत, आणि चाक सरळ करण्यात नापास? हसू की रडू?

मिस्त्री: चाक सरळ झालं गं. दोन्ही वेळेला. सुतासारखं सरळ. तिथेच तर घोडं पेंड खातंय. ते मी करायचंच नव्हतं. शिकवायचं होतं. आपले हात पाठीमागे धरायचे, समोर एक माणूस, ज्यानं जन्मात पाना धरलेला नाही, आणि त्याच्याकडून नुसतं तोंडानं सांगून काम करून घ्यायचं. हात लावला की शिट्टी.

लेक: शिट्टी कोण वाजवतं?

मिस्त्री: इथल्या मुख्य बाई. आधी शाळेत कवायत घ्यायच्या म्हणे. शाळा सुटली, गळ्यातली शिट्टी सुटली नाही. काल डॉक्टरांना शिकवायला बसलो, चार मिनिटांत शिट्टी. आज सकाळी ग्रंथपाल होते समोर. दोन मिनिटांत.

लेक: म्हणजे प्रगती आहे. उलटी.

मिस्त्री: हस. मला कळतच नाही गं. तो पाना वेडावाकडा धरतो, आणि पुढच्या क्षणाला पाना माझ्या हातात असतो. मधलं काही मला आठवत नाही.

लेक: मला आठवतं.

मिस्त्री: काय?

लेक: काही नाही. तो मोजा द्या.

मिस्त्री: आणि मगाचपासून तू काय चालवलंयस? शर्ट घेतलास, टॉवेल घेतलास, आता मोजा. बॅग कुणाची आहे?

लेक: ...अगं बाई. खरंच की.

मिस्त्री: रक्तातच आहे ते.

लेक: रक्ताला बोल लावू नका. दुकान दुसऱ्याला दिल्यापासून आठ महिने झाले. तेवढ्यात तुम्ही आईच्या हातातून झारा घेतलात, केरसुणी घेतलीत, रेडिओचं बटणसुद्धा घेतलंत. काल म्हणाली, तुझे बाबा वर्षभर जातायत, आता मला माझ्याच घरात पाहुणीसारखं बसायला नको. आज तुम्हाला दारात बघितलं ना, तर तीच जाईल स्वयंसेवक होऊन.

मिस्त्री: मला काय परत यायची हौस आहे? दुकान गेलं आणि मी घरात गेल्या वर्षीच्या कॅलेंडरसारखा झालो. काढून टाकवत नाही, बघायला कुणी येत नाही. विमानानं जायचं होतं तिकडच्या दवाखान्याच्या गोदामात दोनशे व्हीलचेअर पडल्यात. दोनशे! कुणाचं चाक वाकलंय, कुणाच्या बेअरिंगचे छर्रे गेलेत. खुर्च्या गोदामात आणि माणसं अंथरुणात. तो फोटो बघितला आणि वाटलं, आपण अजून मोडीत निघालो नाही. चार दिवस मी इथे शाळेतल्या पोरासारखा पहिल्या बाकावर बसलो. पाणी कसं उकळायचं, कुणाला काय बोलायचं नाही, सगळं वहीत उतरवलं. आणि अडलो कुठे, तर माझ्याच कामात.

बाई: दार उघडं होतं म्हणून आत आले. मिस्त्री, तीन वाजता तुमची तिसरी पाळी आहे. आणि तुम्ही मोजे भरताय.

मिस्त्री: या बाई. ही माझी लेक. घरच्यांच्या सहीचा कागद घेऊन आलीये.

लेक: नमस्कार. पण आता तो लागेल की नाही, देव जाणे.

बाई: तीनच्या पुढे कळेल. देवाला कशाला त्रास.

मिस्त्री: बाई, एक सांगा मला. खुर्ची चालल्याशी मतलब ना? मी दिवसाला चार करीन. दोनशे खुर्च्या म्हणजे दोन महिने. उरलेले दहा महिने हवं तर दवाखाना झाडीन. शिकवणं बिकवणं दुसऱ्या कुणाला द्या.

बाई: तुमच्या आधी एक जण गेले होते. तुमच्यासारखेच कसबी. वर्षात दीडशे खुर्च्या चालत्या केल्या. लोकांनी रडून निरोप दिला त्यांना. सहा महिन्यांनी मी बघायला गेले, तर त्यातल्या सव्वाशे पुन्हा गोदामात. तिथल्या माणसांना विचारलं, तुम्ही का नाही दुरुस्त करत? म्हणाले, त्यांचे हात फार चांगले होते.

मिस्त्री: सव्वाशे?

बाई: तुम्ही फोटो बघितलात ना गोदामाचा? त्यातल्या सव्वाशे त्याच आहेत.

लेक: बाबा, बसा जरा.

बाई: आणखी एक. तुमच्या अर्जात एक रकाना रिकामा होता. तुमच्या हाताखाली शिकून आज स्वतंत्र काम करणारे किती?

मिस्त्री: भरायचा राहिला.

लेक: राहिला?

मिस्त्री: ...एकही नाही. चाळीस वर्षांत नऊ जण आले माझ्याकडे. एकावर कधी आवाज चढवला नाही मी, कुणालाही विचारा. तरी वर्ष-दोन वर्षांत सगळे गेले. कुणी बसवर कंडक्टर झाला, कुणी रंगकाम धरलं.

लेक: आणि एक चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायला लागली.

मिस्त्री: तू कुठे होतीस हाताखाली?

लेक: शाळा सुटली की रोज. आठवी ते बारावी. त्या तीन पायांच्या लोखंडी स्टुलावर. पाच वर्षं, बाबा. आणि आज मला साधं पंक्चर काढता येत नाही. टायर बसला की मी सायकल ढकलत दुकान शोधते. कुणाची मुलगी म्हणून सांगत नाही. लाज वाटते.

मिस्त्री: कधी बोलली नाहीस.

लेक: बोलायला तोंड उघडेपर्यंत तुम्ही काम संपवलेलं असायचं.

बाई: पंक्चर येत नाही? नक्की?

लेक: नक्की.

बाई: चाकाचं काही?

लेक: गोल असतं, एवढं माहितीये.

बाई: मग झालं. तिसऱ्या पाळीला माणूस मिळाला. मी स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यांना पकडणार होते, त्यांची सुटका झाली.

मिस्त्री: नको बाई. परक्यासमोर माझे हात आवरत नाहीत, पोटच्या पोरीसमोर कसे आवरणार?

बाई: म्हणून तर. तीन वाजता, खाली शेडमध्ये. बॅग इथेच राहू द्या.

लेक: गेल्या. भारी आहेत हो.

मिस्त्री: भारीच. तुला कशाला मधे पडायचं होतं?

लेक: ऐका. माझ्या कामावर काय होतं सांगते. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, समोर अक्षरांची पाटी. मला ती पाटी पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण मी सांगते का? नाही. भिंग बदलते आणि विचारते, आता कसं? आणि आता? एखादा दहादा चुकतो. जीभ चावून उभी राहते मी. कारण मी सांगितलं तर त्याला दिसल्यासारखं वाटतं, आणि चष्मा चुकतो.

मिस्त्री: नुसतं विचारायचं?

लेक: नुसतं विचारायचं.

मिस्त्री: आणि तोवर हातांचं काय करायचं?

लेक: ते तुमचं तुम्ही बघा. मी चाकाचं बघते.

(तीन वाजता. शेडमध्ये मधोमध एक व्हीलचेअर उलटी ठेवलेली, चाकं वर. शेजारी हत्यारांचा डबा. लेक जमिनीवर मांडी घालून, मिस्त्री उभे, बाई स्टुलावर.)

बाई: बोला हवं तेवढं. हात मागे. लागला की शिट्टी, आणि मग तुमची चारची बस.

मिस्त्री: बांधा हो बाई. टॉवेल आणलाय मी.

बाई: बांधून काय कळणार? तिकडे रोज सकाळी कोण बांधणार तुम्हाला? धरा स्वतःचे स्वतः.

मिस्त्री: बरं. ...मोठं चाक फिरव. काय दिसतंय?

लेक: फिरतंय.

मिस्त्री: अगं ते मला... हं. कडेला बघ. बाजूच्या पत्र्याजवळून जातं तिथे.

लेक: एका जागी घासतंय. खर्रर्र. बाकी मोकळं आहे.

मिस्त्री: कुठल्या अंगाला झुकतंय?

लेक: डाव्या.

मिस्त्री: डब्यात खडू आहे. घासतं तिथे खूण कर.

लेक: केली.

मिस्त्री: त्या खुणेपाशी चार तारा येतात बघ, मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत. दोन डाव्या अंगाच्या, दोन उजव्या. तिथल्या उजव्या तारा आवळल्या, तर कडा कुठे जाईल?

लेक: थांबा हं. ...उजवीकडे ओढली जाईल. रस्सीखेचीसारखी.

मिस्त्री: शाब्बास. आता तो चपटा गोल पाना घे. नाही, तो नव्हे, तो—

बाई: मिस्त्री.

मिस्त्री: हात मागेच आहेत. खांदा गेला फक्त.

लेक: हा? याला चार खाचा आहेत. कुठली लावू?

मिस्त्री: तारेच्या टोकाला छोटा नट आहे, त्याला लावून बघ. कशी बसतेय?

लेक: खुळखुळतेय.

मिस्त्री: मग?

लेक: मग दुसरी. ...ही बसली. आता आवळायचं. उजवीकडे फिरवलं की आवळतं ना, बरणीच्या झाकणासारखं?

मिस्त्री: फिरवून बघ.

लेक: तुमच्या चेहऱ्यावरून वाटतंय मी चुकतेय.

मिस्त्री: माझ्या चेहऱ्याकडे नको, चाकाकडे बघ.

लेक: घट्ट आहे हो. जोर लावते. ...आई गं!

मिस्त्री: बोट! बोट बघू!

लेक: बाबा, हात मागे!

मिस्त्री: रक्त आलंय तिच्या, बाई!

बाई: आलंय. सालटं निघालंय. तुम्हाला कधी आलं नव्हतं?

मिस्त्री: मला रोज यायचं. म्हणून तर... फडका. डब्याच्या झाकणात कोरा फडका आहे. एका हातानं बांधता येईल?

लेक: दात आहेत. ...झालं. पुढे?

मिस्त्री: दुखतंय का?

लेक: दुखतंय. पुढे?

मिस्त्री: चाक फिरव.

लेक: अरे देवा. आता जास्तच घासतंय.

मिस्त्री: मग?

लेक: मग म्हणजे मी आवळायच्या ऐवजी सैल केलं. पण झाकण तर... थांबा. झाकण आपण वरून बघतो. इथे मी नट खालून बघतेय, चाकाच्या आतून. बरणी तळाकडून बघितली तर... उलटं! उलटं फिरवायचं!

मिस्त्री: बाई, हे कळायला मला सहा महिने लागले होते. ज्यांच्याकडे शिकलो त्या वस्तादांनी सांगितलं नाही कधी.

लेक: आणि मला पाच वर्षं स्टुलावर बसवून तुम्ही एकदाही नट फिरवू दिला नाहीत. का हो?

मिस्त्री: आत्ता विचारतेस? काम चालू असताना?

लेक: आत्ताच बरंय. पाना माझ्याकडे आहे.

मिस्त्री: ...ही माझ्या भुवईवरची खूण आहे ना?

लेक: सायकलवरून पडलात ती.

मिस्त्री: पडलो नाही. वस्तादांनी पाना फेकून मारला. असाच नट उलटा फिरवला म्हणून. तेरा वर्षांचा होतो. रक्त डोळ्यात जात होतं, आणि ते ओरडत होते. त्या दिवशी ठरवलं, माझ्या हाताखालच्या माणसावर मी आवाज चढवणार नाही. मग लक्षात आलं, चूक झाली की माझाही आवाज चढतो. म्हणून चूक होऊच द्यायची नाही. चुकतोय असं दिसलं की हलकेच हातातून काढून घ्यायचं. कुणी रडत नाही, कुणी ओरडत नाही. मला वाटायचं, काय शहाणपणाचा मार्ग काढला मी.

लेक: मला वाटायचं, माझ्यात दमच नाही. बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांना कळलंय की हिला जमायचं नाही.

मिस्त्री: असं कधी मनात आलं नाही गं माझ्या. शपथ. मी तुला जपत होतो.

लेक: जपलंत हो. इतकं जपलंत की पाना धरायची भीती बसली.

मिस्त्री: चुकलं माझं.

लेक: ...काय म्हणालात?

मिस्त्री: चुकलं म्हटलं. पुन्हा नाही म्हणणार. किती फेरे दिलेस?

लेक: बोलता बोलता अर्धा. उलटा, म्हणजे सुलटा. फिरवून बघू?

मिस्त्री: मला काय विचारतेस? चाकाला विचार.

लेक: खर्रर्र कमी झालं! ऐकलंत? आता शेजारच्या उजव्या तारेला पाव फेरा. बरोबर?

मिस्त्री: आणि कडा फार ओढली गेली, तर?

लेक: तर डावीला थोडं. सांगू नका. सांगू नका हं. ...फिरवते. गेलं! घासत नाही! बाबा, आवाज नाही!

मिस्त्री: नाही. आवाज नाही.

बाई: बघू. हे पोस्टकार्ड पत्रा आणि चाक यांच्यामधे धरते. फिरव पोरी. ...सगळीकडून मोकळं जातंय. बावीस मिनिटं. शिट्टी नाही. तोंडात धरून धरून माझा जबडा मात्र दुखायला लागला.

मिस्त्री: म्हणजे?

बाई: म्हणजे यादीत नाव आहे. मोजे पुन्हा भरा, या वेळी सुलट्या दिशेनं. आणि तो रकाना मी भरते. किती म्हणालात, हाताखाली शिकलेले?

मिस्त्री: एक.

लेक: अर्धी म्हणा. पंक्चर अजून राहिलंय.

मिस्त्री: परवा निघायच्या आधी शिकवतो.

लेक: शिकवतो की काढून देतो?

बाई: उत्तर विचार करून द्या, मिस्त्री. यादी अजून फळ्यावर लागलेली नाही.

मिस्त्री: शिकवतो हो. ट्यूब हिच्या मांडीवर, मी दोन हात लांब. बाई, खाली बसू का जरा? चार दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतोय.

बाई: बसा. पाणी पाठवते. पोरी, सहीचा कागद वर ऑफिसात आणून दे. आणि बोटाला औषध लावून घे, आपल्याकडे डॉक्टर आहेत. भूल मात्र मागू नकोस, हौशी आहेत.

लेक: चला, आईला कळवते. ...हॅलो, आई? अगं, झाले पास. हो. हो, खरंच जातायत. नाही गं, गंमत नाही करत. ...बाबा, ती विचारतेय, तिकीट नक्की झालं का, की अजून धाकधूक आहे.

मिस्त्री: तिला सांग, घर तिचं. झारा, केरसुणी, रेडिओ, सगळ्यासकट.

लेक: ऐकलंस? ...आता रडतेय. म्हणतेय, वर्षभर फार होतं गं.

मिस्त्री: घ्या. या बायकोला ना धड आत चालतो मी, ना बाहेर.

लेक: आई, ठेवते. रात्री बोल त्यांच्याशी. ...बाबा, एक विचारू?

मिस्त्री: विचार.

लेक: बाई जाऊन दहा मिनिटं झाली. तुमचे हात अजून मागेच आहेत.

मिस्त्री: आहेत खरे. आखडलेत. असू देत.

लेक: चाक अजून किंचित हलतंय हो. तिथे, खडूच्या खुणेपाशी. केसभर. दिसतंय तुम्हाला?

मिस्त्री: मगाचपासून दिसतंय.

लेक: मग आता शिट्टी नाही, कुणी नाही. हा घ्या पाना. लावा हात.

मिस्त्री: ठेव तुझ्याकडेच. फिरव ना अजून एकदा. बघत बसतो.